सुईवरचा हात

मध्य प्रदेश राज्य नुकतंच झालं होतं. शहराच्या टोकाला, पलासिया वस्तीच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानात आम्ही काही जण रविवारी पेट्रोल इंजिनाची छोटी विमानं तारांना धरून गोल उडवायचो. आमच्या दफ्तरातले एक साहेब तिथे न बोलावता यायचे. पँटीला कडक इस्त्री, खिशात स्क्रूड्रायव्हर. स्वतःचं विमान मात्र कधीच नव्हतं. कुणाचंही इंजिन अडखळलं की मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "कार्बोरेटर आहे भिया, और क्या."

तीन महिने खपून केलेलं माझं विमान पहिल्यांदा उडणार होतं. इंजिन थोडा धूर सोडत होतं. "पेट्रोल जास्त जातंय," म्हणत त्यांनी कार्बोरेटरची, पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई एक फेरा कसली.

"साहेब, नाक वर झालं की पेट्रोल कमी पडेल," मी म्हणालो.

"तुम्ही बस देखते जाओ."

ते वरिष्ठ, म्हणून मी तारा हातात घेतल्या. जमिनीवर इंजिन सुरेख गरजलं, ते सगळ्यांकडे बघून हसले. विमानाने नाक वर केलं आणि इंजिन बंद पडलं. विमान आपटून दोन्ही पंख मोडले.

माझ्या आधी तेच धावले. मी पोहोचलो तेव्हा पाठमोरे वाकून ते सुई सैल करत होते. मग त्यांनी इंजिन रुमालाने पुसून सगळ्यांना दाखवलं. "सुई इतकी ढिली ठेवली, फिर कैसे उडेल?"

मी मोडलेले पंख गोळा केले. घरी येऊन सुई पूर्ण बंद होईपर्यंत फिरवत फेरे मोजले. मी ती अडीच फेरे उघडी ठेवली होती; त्यांनी ती बरोबर अडीच फेऱ्यांवर परत आणली होती.