आईने उघडलेला फोन

आईच्या फोनबद्दल मी सगळ्यांशी बोलले आहे. ऑफिसात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईशी, कंपनीच्या तक्रारींच्या पानावर – सगळीकडे. त्या अपडेटने आम्हाला किती रखडवलं, हे माझ्याइतकं तिखटमीठ लावून कोणी सांगत नसेल. पण त्यातला एक तुकडा मी दरवेळी गाळते. भावाला सांगितला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तर वाटलं तुम्हाला सांगणं सोपं जाईल. तसं काही होत नाहीये.

आधी फोनचं सांगते. बघा – पुन्हा फोनच्या आड लपतेय.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची, त्यावर मी बी.कॉम. झाले. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. रत्नागिरीत नोकरी लागली, लग्न झालं, तरी गावात कुणाचा फोन अडला की माझी वाट बघायचे. म्हणून आईला फोन घ्यायची वेळ आली तेव्हा मी साधा घेतलाच नाही. खूप वाचलं आणि असा घेतला, ज्याची पाठ नखाने निघते, आतले भाग स्क्रूने सुटतात, बॅटरी घरी बदलता येते. बिघडला म्हणून फेकायचा नाही, दुरुस्त करायचा – हे मी पडवीत बसून सगळ्या बायकांना समजावलं होतं. दहा वर्षं बघायला नको, म्हणाले होते.

आणि आईने तो खरंच उघडला. खाऱ्या हवेने चार्जिंगची खाच गंजली तेव्हा मी नवा भाग मागवला, छोटा पेचकस तिच्या हातात दिला आणि नुसती शेजारी बसले. काजूच्या टरफलातल्या तेलाने तिच्या बोटांचे ठसे इतके गेलेत की फोनचं कुलूप तिचा अंगठा ओळखत नाही. त्याच बोटांनी तिने तो कणाएवढा स्क्रू उचलला आणि बसवला. फोन चार्ज व्हायला लागला तेव्हा ती मोठ्याने हसली. नंतर येईल त्याला फोन उघडून दाखवायची. मग घरातलं काहीच तिच्या हातून सुटेना – मिक्सर, टॉर्च, शेजारणीची इस्त्री. "माझ्या हाताला कळतं आता," म्हणायची.

मग ते अपडेट.

भाऊ मस्कतला असतो. तिथे आपले नेहमीचे व्हिडिओ कॉल लागत नाहीत, वेगळं ॲप घ्यावं लागतं. ते ॲप एक दिवस म्हणालं, तुमच्या फोनची यंत्रणा जुनी झाली, नवी घाला, तरच उघडेन. नवी कुठून घालू? ती कंपनीने पाठवायची. कंपनी म्हणे, लवकरच. पुढच्या महिन्यात विचारलं – लवकरच. मी रोज त्या पानावर जायचे. कुठकुठले लोक तिथे माझ्यासारखेच चरफडत बसलेले, आणि सगळ्यांना तेच एक गोड उत्तर, धीर धरल्याबद्दल आभार मानणारं. धीर कुणी धरला होता? बॅटरी मी बदलायची, काच मी बदलायची, आणि फोन आतून म्हातारा होत चालला तर हात बांधून बसायचं? मग दुरुस्तीचा फोन म्हणून विकलात कशाला? राग खरा होता. आजही आहे. पण राग खरा म्हणून रागावलेल्या माणसाचं सगळंच खरं असतं का?

शुक्रवारी भावाला सुट्टी. आई मंदाकाकीकडे, म्हणजे शेजारच्या चुलत घरी जायची आणि काकीच्या सुनेच्या फोनवर त्याला बघायची. भोवती सगळं घर बसलेलं. दुसऱ्याच्या फोनवर, चारचौघांत, आई मुलाला काय विचारणार? जेवलास का – एवढंच.

तर एका रविवारी मी गावी गेले होते. पडवीत मंदाकाकी म्हणाली, "काय गो शहाणे, दहा वर्षं चालणार होता ना तुझा फोन? माझ्या सुनेचा बघ, बाजारातला साधा. मुकाट चालतोय." बायका हसल्या. आईसुद्धा हसली, थोडी. मला म्हणता आलं असतं – चुकलं माझं, घेताना अपडेटचं बघितलंच नाही. केवढंसं वाक्य! माझ्या तोंडून दुसरंच आलं.

"फोन चांगलाच आहे. आईने उघडला ना तो. उघडलेल्या फोनला कंपनी अपडेट देत नाही."

खोटं होतं. पूर्ण खोटं, आणि बोलताना मला ते माहीत होतं. उघडता यावा म्हणून तर घेतला होता तो. पेचकस मीच दिला होता.

"कशाला हात घालायचा गो वयनी," काकी लगेच आईकडे वळली, "आपल्याला कळतं काय त्यातलं?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, तूच शेजारी बसली होतीस ना. पण मी शिकलेली, मी म्हणते म्हणजे तसंच असणार – हेच तिच्या मनात आलं असेल, दुसरं काय? तिने फोन पदराने पुसला आणि कपाटात ठेवला; मग साध्या कॉलपुरताच बाहेर काढायची. त्यानंतरच्या शुक्रवारी भावाला म्हणाली, "माझ्यामुळं बंद पडला हो तो." हे भावानेच मला सांगितलं, हसत. मीही हसले.

पुढे मी ते पान बघणंही सोडलं. पुन्हा गावी गेले तेव्हा फोनवर सूचना दिसली – अपडेट आलं आहे. येऊन बरेच दिवस झाले होते. नुसतं बोटाने दाबायचं होतं. ती सूचना बघून आईला वाटलं, पुन्हा आपल्या हातून काही बिघडलं. म्हणून तिने हातही लावला नाही, मला कळवलंही नाही. आधीचा उशीर कंपनीचा होता, मान्य. हे दिवस कुणाचे?

मी दाबलं. अपडेट झालं, ॲप उघडलं, भाऊ दिसला. आई त्याच्याशी पोटभर बोलली. मग मला म्हणाली, "उघडलेला असून पण दिलंनी त्यांनी?"

सांगायला यापेक्षा सोपी वेळ कुठली मिळणार होती? आणि मी म्हणाले, "मी लिहिलं होतं त्यांना. या वेळेपुरतं माफ केलंय."

"बरी माणसं म्हणायची," आई म्हणाली.

गाळते तो तुकडा हा. पहिलं खोटं रागात निघालं, असं म्हणता येईल. हे दुसरं मी शांतपणे बोलले, तिच्या तोंडाकडे बघत.

आता आईकडे मिक्सर बिघडला तर दुकानात जातो. गेल्या महिन्यात फोनची बॅटरी टिकेना, म्हणून मी नवी नेऊन दिली. "तूच घाल गो," आई म्हणाली. "एकदा माफ केलंनी त्यांनी, परत कशाला त्यांना त्रास?" मी पाठ काढली आणि बॅटरी घातली. आई लांब, दाराशी उभी राहून बघत होती.