काठावरची सूज पाहणाऱ्या बाई

डॉ. यशोधराबाईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे मी खाल्लेली बोलणी. कुरखेड्याहून मी चंद्रपूरला त्यांच्या प्रयोगशाळेत शिकायला आलो होतो. मोठ्या आतड्याच्या तुकड्याची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि ‘कर्करोग आहे’ एवढे सांगून मोकळा झालो. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “गाठ दिसली तुले. तिच्या काठची सूज काय तुहा सासरा पाहीन?” माझे तेव्हा लग्नही झाले नव्हते.

तेव्हापासून आम्ही सगळे विद्यार्थी काठ पाहू लागलो. जखम भरायला धावणाऱ्या पेशी गाठीपाशीही जमतात. काही तिच्याशी खरेच झुंजतात, तो रुग्णाला आधारच. पण सूज वर्षानुवर्षे मुरली की असल्याच पेशी आजूबाजूची वीण सैल करतात, नव्या रक्तवाहिन्या फुटू देतात, आणि त्या वाटेने रोग यकृतापर्यंत पोचतो. बाई म्हणत, “घरच्याच लोकायनं कडी काढून देल्ली.”

पोंभुर्णा, गोंडपिपरीकडच्या शिबिरांना त्या एसटीने जात. शेजारी सूक्ष्मदर्शकाची पेटी मांडीवर घेऊन त्यांचे यजमान, निवृत्त शिक्षक आनंदराव गुरुजी. आमच्याकडे शौचातून रक्त गेले की ती मूळव्याधच ठरते. माणूस जडीबुटी घेतो आणि बायकोलाही सांगत नाही. बाईंसमोर पुरुष तोंड उघडत नसत, तेव्हा गुरुजी त्यांना झाडाखाली नेऊन समजावत, “लाजू नोका भाऊ, बाईले सांगा. उशीर केला तं जिवावर बेतते.” त्यामुळे कितीतरी माणसे वेळेवर ऑपरेशनला पोचली. वाईट निकाल बाई स्वतः रुग्णाच्या अंगणात बसून सांगत आणि घरच्यांचे रडणे ओसरेपर्यंत उठत नसत. त्यापायी शेवटची गाडी चुकलेली मी पाहिली आहे.

गेल्या वर्षी एका शिबिरात पेटी उचलता उचलता गुरुजी खालीच बसले. तपासण्या झाल्या. यकृतात डाग निघाले. आतड्याच्या तुकड्याची काचपट्टी बाईंनी माझ्यापुढे सरकवली. त्यांच्याने पाहवत नव्हते.

“सूज?” त्यांनी विचारले.

“जुनी आहे, बाई. फार जुनी.”

त्या उठून गुरुजींकडे गेल्या. “मले काऊन नाई सांगतलं तुमी?”

गुरुजी ओशाळले. “तुह्याजवळ पेशंटची लाइन राहे. मले वाटलं, मूळव्याध असन.”

अहो, गावोगावच्या माणसांची भीड मोडणारा हा माणूस! मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तिथेच रडूही आले.

पंचाहत्तरीचा सत्कार बाईंनी साफ नाकारला होता. गुरुजींनी हट्ट धरला म्हणून निदान हा गौरवग्रंथ निघतो आहे. अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायची रीत, म्हणून मी बाईंनाच विचारले, काय लिहू? गुरुजी शेजारच्या खाटेवर झोपले होते. त्यांच्या अंगावरची गोधडी नीट करत बाई म्हणाल्या, “मले शंभर वर्षं नोको मागू. माह्या आयुष्यातलं ह्यायले देता येत असन, तं तेवढं लिह्य.”

असे देता येत नाही, हे बाईंना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. तरी लिहितो. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यातले अर्धे गुरुजींना मिळो.