वरनं वाच

मालनताई काहीही वाचायला घेतलं की पहिल्या ओळीवर बोट ठेवायची. लग्नपत्रिका असो, गोळ्यांची पट्टी असो. बोट तळाला पोचेपर्यंत तोंडातून शब्द नाही. "घाई हाय तर तू हो की पुढं," म्हणायची. कोल्हापुरातल्या आमच्या रक्तपेढीत कॉम्प्युटरचं सगळं तीच बघायची आणि मी तिच्या हाताखाली. माझ्या नातीला वाटतं, आपली आजी पहिल्यापासून शहाणी. मी तेव्हा पन्नाशीची तरणीताठी. नव्या चष्म्याबरोबर अक्कलही आली, असा माझा समज.

पिशव्यांची नोंद एका व्हर्च्युअल मशीनवर असायची. म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. त्यात लिनक्स, तेही अगदी गरजेपुरतं. रात्री बॅकअपसाठी तो गोठवायचा. सकाळी जागा झाला की त्याला अजून कालचाच दिवस वाटायचा, मग मी हातानं वेळ लावायचे. गेस्ट टूल्स घातली की ती पोटातलं घड्याळ बाहेरच्याशी जुळतं ठेवतात. एका संध्याकाळी मी ती घातली. शेवटी 'काम पूर्ण' अशी ओळ आली. पेढे वाटायचेच तेवढे राहिले! सकाळी वेळ लावलीच नाही. कशाला लावायची?

खिडकीशी चंदगडचा एक माणूस चिठ्ठी घेऊन उभा होता. बायकोला प्लेटलेट्स हव्या होत्या. पडद्यावर पिशवी हिरवी, म्हणजे मुदतीतली. मी ती काढून ठेवलीसुद्धा. मालनताईनं लेबलवर बोट ठेवलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"पावणं, थांबा जरा. ही न्हाय द्यायची. काल मुदत संपली."

"बाई, तिकडं ती मरायला लागलीया!"

"म्हणूनच न्हाय द्यायची. दुसरी मिळवून देते."

तिनं शहरातल्या दुसऱ्या पेढीत फोन लावला. माणूस शिव्या देतच तिकडे पळाला. मग ती पडद्यासमोर बसली आणि माझ्या त्या 'काम पूर्ण'च्या वर, पार वर गेली. मधेच एक ओळ होती: चालू कर्नलच्या हेडर फाइली सापडल्या नाहीत. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; त्याच्या त्या फाइलींवाचून टूल्सचा मुख्य भाग तयारच झाला नव्हता.

"शालन, शेवटची ओळ वाचून सोयरीक जमवतीस व्हय गं?"

तिनं हेडर आणले, ते जुळेनात. कर्नलचा नंबर बघून पुन्हा त्याच नंबरचे आणले. घड्याळ ठिकाणावर आलं आणि तीच पिशवी पडद्यावर लाल झाली.

ती बाई वाचली का, कळलं नाही. पुढे चंदगडचं कुणीही खिडकीशी आलं की मालनताई विचारायची.

गेल्या वर्षी तीच दवाखान्यात होती. दिसेनासं झालं होतं. "रिपोर्ट वाच," म्हणाली. मी मनातल्या मनात सगळा वाचला आणि मोठ्यानं एवढंच म्हटलं, "औषधं चालू ठेवावीत."

"शेवटची वाचलीस न्हवं?" म्हातारीचे कान शाबूत. "वरनं वाच."

मी तिच्या नावापासून सुरुवात केली. तिचं बोट माझ्या आवाजाबरोबर चादरीवरून ओळीओळीनं खाली सरकत होतं. मधल्या एका ओळीशी माझा आवाज अडकला. बोटही तिथंच थांबलं, वाट बघत.