बेल वाजली नाही म्हणून

“भंगारातून उपसलेला माल बेल म्हणून आईच्या उशाशी बांधलास, आणि वर मलाच विचारतेस, तू कुठं होतास?”

“बेलचं मी बघते. आधी तू कुठं होतास ते सांग.”

“घरातच होतो, टीव्हीसमोर,” दादा म्हणाला. “वाजली असती तर आलो असतो.”

वहिनी टेबलावरचे कप गोळा करत होती. “ह्यांना कशाला बोलता आत्या? डबे तुमचे, तारा तुमच्या. मी कधीची म्हणतेय, त्या गॅलरीत वॉशिंग मशीन बसेल. पण तिथं तुमचं म्युझियम.”

काल दुपारी म्हातारी पलंगावरून उतरताना पडली. मनगट मोडलं. आज हात प्लास्टरमध्ये होता, ती आतल्या खोलीत डोळे मिटून पडली होती आणि बाहेरच्या खोलीत तिची मुलं ती कोणामुळे पडली ते ठरवत होती.

आत्या ही दादाची धाकटी बहीण. दादाच्या मुलांनी तिला आत्या म्हणायला सुरुवात केली. मुलं नोकऱ्यांसाठी दूर गेली, नाव मागे राहिलं. आता भाऊ-भावजयही तिला आत्याच म्हणत. ती रेडिओच्या कारखान्यात सुटे भाग जोडायची. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका घरी बसल्या. हिला बसायला घर भावाचं होतं, म्हणून तिनं गॅलरीत आपल्या खाटेशेजारी टेबल मांडलं आणि शेजारपाजारची खेळणी, रेडिओ, रिमोट दुरुस्त करायला घेतले. त्या घरात तिला विचारल्याशिवाय कोणी हात लावत नाही अशी जागा तेवढीच.

नवे भाग विकत घेणं तिला परवडत नसे आणि पटतही नसे. मेलेल्या यंत्रांतून ती छोटे ट्रान्झिस्टर काढायची. मसुराच्या दाण्याहून थोडे मोठे, काळे, एक बाजू चपटी, खाली तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर. पुष्कळांवरचा नंबर पुसलेला असे. ती मीटर लावून आधी बेस शोधायची: जो पाय उरलेल्या दोघांशीही बोलतो तो बेस. मग कलेक्टर कुठला, एमिटर कुठला, हे ठरवायला तुकडा मीटरच्या खोबणीत एकदा सुलटा, एकदा उलटा घालायचा. जिकडून आकडा मोठा, ती बाजू खरी. त्यानंतर थोड्या करंटवर चालवून बघायचा, अंगावर बोट ठेवायचं. तापला तर केराच्या टोपलीत. पास झाला तरी बिननावाचा तो बिननावाचाच: खेळण्यात चालेल, रेडिओत चालेल, विजेच्या प्लगवर नाही आणि माणसाचा जीव अडकतो तिथं तर नाहीच. हा नियम तिचा स्वतःचा होता.

बेलची कल्पना दादाची. “सारखं आई हाका मारते, दहादा उठावं लागतं. बटण दे तिच्या हातात. खरंच काम असेल तेव्हा दाबेल.” पाहुणे यायच्या आत हवी म्हणाला. वहिनीनं तेवढ्यात दोनदा गॅलरीत डोकावून “झालं का?” विचारलं. आत्यानं डब्यातला एक तुकडा घेतला, बेस शोधला, मधलाच निघाला, आणि सोल्डरचा डाग देऊन जोडून टाकला. बेल वाजली. आवाज जरा बारीक होता. म्हातारीला आवडला.

आता तिनं ती बेल सोडवून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. बॅटरी मोजली. पार उतरलेली.

“बघ,” दादा म्हणाला, “बॅटरी. म्हणजे बॅटरीच खराब होती?” त्याच्या आवाजात सुटकाही होती. बॅटरी त्यानं आणली नव्हती.

आत्याला तेवढ्यावर थांबता आलं असतं. मीटर वाचता येणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. तिनं तुकडा काढून खोबणीत घातला. बसवला होता त्या बाजूनं जेमतेम आठ. दुसरीकडून दोनशेच्या पुढे.

“उलटा बसलाय,” ती म्हणाली. “कारखान्यात सगळा माल एकाच कंपनीचा यायचा. चपटी बाजू आपल्याकडे धरली की डावा पाय एमिटर. हा दुसऱ्या कंपनीचा आहे, ह्याचा उजवा. मी फिरवून बघितलंच नाही. हातानं सवयीनं लावला.”

“पण वाजत होती ना?”

“उलटा लावला म्हणून लगेच बंद पडत नाही, हीच पंचाईत आहे. कुरकुरत वाजतो. आणि गप्प असतानाही बॅटरी पीत राहतो.”

वहिनीनं कप खाली ठेवले. “म्हणजे चूक तुमचीच.”

“माझीच.”

“मग झालं तर. उद्या भंगारवाल्याला बोलावते.”

तेवढ्यात आतून आवाज आला. म्हातारी झोपली नव्हती. “मी बटण पुष्कळ दाबलं. मग हाक मारली.”



“दादा,” आत्या म्हणाली, “मी बाहेर गेले होते. तू इथं होतास. हाक ऐकू आली?”

“आली की,” दादा म्हणाला. तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. “पण बेल वाजली नाही ना. म्हणून म्हटलं, काही खास नसेल.”

“मलाही आली,” वहिनी म्हणाली. “मला वाटलं, ह्यांना हाक मारताहेत.”

“आणि मला वाटलं, तुला.”

दोघं एकमेकांकडे बघून जरा हसलीसुद्धा, गैरसमज झाला की माणसं हसतात तशी.

आत्यानं तुकड्याचे तिन्ही पाय पक्कडीनं कापले आणि तो टोपलीत टाकला. मीटर बंद केलं. पाना, डबे, तारांची भेंडोळी एकावर एक रचायला घेतली. वहिनीनं ते बघितलं आणि आवाज एकदम मऊ केला. “आत्ताच्या आत्ता नको हो, सावकाश करा.”

“गॅलरी आजच रिकामी होईल,” आत्या म्हणाली. “माझं टेबल आणि खाट आईच्या खोलीत जाताहेत. तुमचं कपाट तिथून बाहेर निघेल. बेल पुन्हा बसणार नाही. दुपारी मी दुरुस्त केलेल्या वस्तू पोचवायला बाहेर पडले की दोघांपैकी एकानं तिच्याजवळ बसायचं. त्या वेळात टीव्ही बंद.”