उभी कोपी

सरांनी पेन्सिलीच्या टोकानं माझी हनवटी वर केली. हातानं नाही, पेन्सिलीनं. बाजारात बैलाचे दात बघणारा माणूस तरी हात लावतो. मग सर मागं सरले, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "आता हलू नका, आजोबा."

मी नुसत्या बंडीवर उकिडवा बसलेलो. दुकानातून इस्त्री करून आणलेला पांढरा सदरा त्यांनी काढायला लावला होता. म्हणे, सदऱ्यात मजुरासारखा दिसत नाही. मांडीवर कोयता आडवा ठेवायला सांगितला. समोर कॉलेजच्या अंगणात अख्ख्या वर्गाची पोरं-पोरी, गुडघ्यावर कागद लावलेल्या पाट्या घेऊन माझं चित्र काढत होती. कागदावर पेन्सिलींचा खरखर आवाज. मागच्या अंगाला एक जण हळू म्हणाला, "अबे, म्हातारा झोपला का काय?" सगळे हसले. सरही हसले.

मी उठणार होतो. तेवढ्यात सायलीकडं बघितलं. भिंतीला टेकून उभी होती. तिनं नुसती मान हलवली. आबा, नका. मी बसलो. तिच्यासाठी बसलो.

सायली माझी नात. शिरूरच्या पलीकडं आमचं गाव. तिचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. ती माझ्याजवळच वाढली. आता बीडच्या बाहेर एका साहेबांनी काढलेल्या डिझाईनच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. मी शाळेत पाटी घेऊन गेलतो तेवढाच, दुसरीच्या पुढं काही बघितलं नाही. पण ती काय शिकते ते मी डोळ्यांनी बघितलं. आधी नुसत्या रेघा. पट्टी न लावता पानंच्या पानं रेघा. मी म्हटलं, पोरी, यासाठी कॉलेज कावून पाहिजे? ती म्हणाली, "आबा, हात सुदरतो यानं." मग हात काढायला सांगितले, तर माझेच काढले. डाव्या हाताचं एक बोट कोयत्यानं अर्धं गेलंय. तिनं विचारलं, हे बोट पुरं काढू का? मी म्हटलं, हाय तसं काढ. मग पुठ्ठ्याची खुर्ची केली, ना खिळा, ना डिंक. मी तिच्यावर बसून दाखवलं. मोडली नाही. गावात मी चार जणांना सांगितलं ते.

आणि मग हे काम आलं. माणूस राहील अशी जागा खऱ्या मापात उभी करा, म्हणाले. कुणी तंबू केला, कुणी मचाण. सायली म्हणाली, मी कोपी करणार. ऊसतोडीवर आम्ही जिच्यात राहतो ती कोपी. कळकाच्या काठ्या, वर विणलेल्या ताट्या, त्यावर उसाचं पाचट.

मी नाही म्हटलं. लई दिवस नाहीच म्हटलं. का ते तिला सांगितलं नव्हतं.

मी लहान होतो. नदीपल्याडच्या एका बागायतदाराच्या उसात आमची टोळी होती. आईला ताप आला. कोपीतच पडून होती. बाप आणि मी फडात ऊस तोडत होतो. मुकादम म्हणाला, आधी गाडी भर, मग डॉक्टर. गाडी भरली तेव्हा आई गेलती. ओढ्याच्या कडंला तिला जाळली. दुसऱ्या दिवशी टोळी दुसऱ्या फडावर हलायची होती.

आमच्यात एक रीत आहे. फड संपला की कोपी ज्याची त्यानं मोडायची. आधी चूल मोडायची, मग दोऱ्या सोडायच्या. उभी कोपी मागं टाकून जात नाहीत. उभी ठेवली की आपलं माणूस तिथंच राहतं, वाट बघत. हे आई सांगायची. म्हणून बाप चुलीकडं वाकला, तर बागायतदार बांधावरून बोलला, "राहू दे ती. माझी वासरं बांधीन तिच्यात."

बाप टोपी हातात घेऊन उभा राहिला. मुकादमानं त्याला दंडाला धरून ट्रकात चढवलं. आम्ही चढतोय तोवर गड्यानं एक तांबडं वासरू आणून बांधलंसुद्धा. जिथं आई निजलेली, तिथं. ट्रक हलला. कोपीच्या अंधाऱ्या दारातून त्या वासराचं तोंड बाहेर आलं आणि ते माझ्याकडं बघत राहिलं.

ते अजून बघतंय. आयुष्यभर मी कोप्या बांधल्या आणि मोडल्या. प्रत्येक कोपीच्या दारात आत जाताना मी थांबतो. आत ते असतं. बायकोला वाटायचं, याला वाकता येत नाही म्हणून थांबतो.

हे सगळं मी शेवटी सायलीला सांगितलं. ती म्हणाली, "आबा, आपण बांधू. आणि आपणच मोडू." त्या बोलीवर मी बीडला गेलो. कडा गावाकडून पाचट आणलं. कॉलेजच्या अंगणात दोघांनी बांधली. तिचे हात भराभर चालत होते. आत तीन दगडांची चूल मांडली, माझी घोंगडी टाकली. परीक्षा घेणारे लोक, ज्युरी म्हणतात त्यांना, दुपारून येणार होते. मार्क त्यांच्या हातात. या कामात नापास झाली तर वर्ष अडकणार, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं.

त्याच दिवशी सकाळी प्रदर्शन होतं. त्यातच सरांना सुचलं की म्हाताऱ्याला कोपीपुढं बसवून पोरांकडून चित्र काढून घ्यावं.

चित्रं झाली. पोरांनी पाट्या उभ्या करून ठेवल्या. मी एकेक बघितली. सगळ्यांत मी होतो, बंडीतूनही बरगड्या मोजता याव्यात असा. सदरा कुणाच्याच चित्रात नव्हता. आणि माझ्या पाठीमागचं कोपीचं दार सगळ्यांनी काळं रंगवलं होतं. पेन्सिल घासघासून काळं. एका चित्राजवळून मला हलता येईना. त्या काळ्यात काहीतरी हललं. पोरांना काय माहीत, आत कोण आहे ते.

तेवढ्यात संस्थेचे साहेब आले. पांढरे कपडे, मागं माणसं. बूट न काढता वाकून कोपीत शिरले, माझ्या घोंगडीवर बसले. फोटो काढून घेतले. बाहेर येऊन गुडघे झटकले. मला विचारलं, बाबा, किती वर्षं तोडली? मी सांगायच्या आतच सरांकडं वळले.

"लई भारी केलंय. राहू द्या ही इथंच. पाहुणे आले की दाखवू. आन् बाबालाबी बसवत जा पुढं."

माणसं हसली. मी हसलो नाही.

राहू द्या.

मला बांधावरचा तो माणूस दिसला. बापाच्या हातातली टोपी दिसली. मी दारात बघितलं. वासराचं तोंड बाहेर आलं होतं.

मी खुर्चीवर टाकलेला सदरा उचलला. अंगात घातला. एकेक गुंडी लावली, गळ्यापर्यंत. मग कोयता हातात घेतला. साहेबांचा एक माणूस पटकन पुढं झाला. त्याला वाटलं, म्हातारा बिघडला. मी त्याला म्हटलं, "बाजूला हो. दोरी कापायचीय."

सर धावत आले. आजोबा, काय करताय, म्हणाले. ज्युरी दुपारी आहे, सायलीचं वर्ष जाईल. कोपी काय, नंतर बघू. ते खरंच घाबरले होते. पोरीसाठीही घाबरले असतील, मी नाही म्हणत नाही.

माझा हात थांबला. साहेबांपुढं थांबला नसता. पण वर्ष माझं नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं. तोंड पांढरं पडलं होतं तिचं. एक वेळ वाटलं, ही आता नको म्हणणार. म्हटली असती तर मी कोयता खाली ठेवला असता आणि मेलो असतो.

ती भिंत सोडून पुढं आली. सगळ्यांमधून. म्हणाली, "आबा, चूल आधी."

आणि वाकून आत गेली. दारात थांबली नाही. तिन्ही दगड तिनं एकेक करून बाहेर ठेवले. घोंगडी बाहेर आणली, झटकली, घडी घालून माझ्या खांद्यावर टाकली. मग मी दोऱ्या कापल्या. ताट्या खाली आल्या. पाचट साहेबांच्या बुटांवर गेलं. काठ्यांची मोळी आम्ही दोघांनी उचलली आणि गेटातून बाहेर पडलो. चौकीदारानं गेट उघडलं. तो आमच्याकडचाच असावा, साहेब बघत असतानाही मान खाली घातली नाही त्यानं.

सायलीला त्या कामात नापास केलं. ज्युरीला बघायला काही नव्हतंच. यंदा ती तेच वर्ष पुन्हा करते आहे, त्याच वर्गात, त्याच सरांपुढं. गावातली माणसं म्हणतात, आबा, पोरीचं वाटोळं केलंस. ती बसून रेघा मारते. पानंच्या पानं.

मला वाटलं होतं, ती कोपी मोडल्यावर वासरू जाईल. गेलं नाही. नदीपल्याडची कोपी कधीच कुजून गेली असेल, तिथं आता नवा ऊस असेल. पण माझ्या डोळ्यांत ती उभी आहे आणि आई आत आहे. ती मला मोडता आली नाही. मरेपर्यंत येणार नाही.

पण एवढं सांगतो. यापुढं आमची एकही कोपी कुणाच्या शब्दावर उभी राहणार नाही. कुणाला चित्र काढायचं असेल तर मी सदरा घालून बसेन, आणि हनवटी माझी मीच वर करीन. आणि जो म्हणेल राहू दे, त्याच्या तोंडापुढं मोडीन. चूल आधी.