व्हॅनिलाच्या चहाची आरती

चहाला व्हॅनिलाचा वास आला की मला नव्वदच्या दशकातला, दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधला आमचा फ्लॅट आठवतो, कारण तिथे गणपतीत आम्ही शेजाऱ्यांच्या धाकाने खिडक्या लावून दबक्या आवाजात आरती म्हणायचो आणि एकदा ऐन आरतीत बेल वाजली. "खलास, कम्प्लेंट आली," नवरा पुटपुटला. दारात समोरच्या फ्लॅटमधली नवी बाई उभी होती, हातात व्हॅनिलाच्या चहाचं पाकीट. "मी मॉरिशसची मराठी," ती म्हणाली, "आमचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यात कामाला गेलेले. आमच्या बेटावर गणपतीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. तुम्ही एवढं हळू का गाता? बाप्पाला झोप लागेल!" आणि तिने जी खड्या आवाजात आरती धरली, की नवऱ्यानेच उठून खिडक्या उघडल्या. आता पुण्यात सून म्हणते, "आई, जरा हळू, शेजारी ऐकतील." ऐकू देत की!