जुन्नरची लाइन

नारायणगावला खतं-बियाणं-औषधांच्या एका मोठ्या दुकानात मी काही वर्षं कॉम्प्युटर सांभाळले. खाली गोडाऊन, वर ऑफिस. जुन्नरला आणि कळंबला शाखा होत्या. पूर्वी शाखांची बिलं फ्लॉपीत भरून कुणाच्या तरी खिशातून आमच्याकडे यायची. ब्रॉडबँड आल्यावर शेठनी पुण्याहून सर्व्हर आणला आणि दोन्ही शाखा टेलिफोनच्या तारेवरून थेट त्याला जोडून घेतल्या. तिकडच्या माणसानं तिकडं बसून आमच्या सर्व्हरवर बिल टाकायचं, अशी सोय. काही महिने ती नीट चालली. मग जुन्नरची लाइन जायला लागली.

कायमची गेली असती तर बरं झालं असतं. ही जायची आणि आपली आपण यायची. मी बघायला लागले की चालू असायची. एखादा दिवस शांत जायचा, वाटायचं, झालं काम. दुसऱ्या दिवशी फोन.

"मॅडम, गेलं."

फोन करणारे माझे टायपिंगचे सर होते. बारावीनंतर मी जुन्नरला त्यांच्याच क्लासमध्ये मराठी आणि इंग्रजी टायपिंग शिकले. कॉम्प्युटर आले तसा त्यांचा क्लास रिकामा होत गेला, मशिनं भंगारात गेली आणि पन्नाशी उलटल्यावर सर आमच्या शाखेत ऑपरेटर म्हणून लागले. मी त्यांना सरच म्हणायचे. ते मला मॅडम म्हणायचे. फार अवघड वाटायचं ते, पण माझं त्यांनी ऐकलं नाही.

लाइन गेली की त्यांच्यासमोरचा पडदा थिजायचा. अर्धं टाकलेलं बिल गेलं. काउंटरला माणसं उभी. फोनमधून मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं, "काय राव, अजून किती टाइम? गाडी जाईल की माझी." सर हळू आवाजात त्यांची समजूत घालत असायचे. मग लाइन यायची आणि ते पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे.

मी सुचेल ते सगळं केलं. जुन्नरची वायर बदलली, मोडेम बदलला. टेलिफोनच्या लाइनमनला दोनदा खांबावर चढवलं. लोडशेडिंगवर खापर फोडून बघितलं, तर लाईट असतानाही जात होतं. सर्व्हर देणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन केला की तो म्हणायचा, "एकदा बंद करून चालू करा." ते मी रोजच करत होते. संध्याकाळी घरी गेले की भाकरी थापतानाही डोक्यात वायरीच. सासूबाई विचारायच्या, "झालं का आज तरी तुझं ते?" मी नाही म्हणायचे. पुढंपुढं त्यांनीही विचारणं सोडलं.

एक दिवस शेठनी गोडाऊनमध्ये गाठलं. "कळंबची कधी तक्रार येत न्हाई. जुन्नरचंच का जातं? माणूस टायपिंगच्या जमान्यातला हाये. काय तरी भलतंच दाबत असंल. तू जाऊन बस एक दिवस आन् बघ काय चुकतो ते. मग मी दुसरी एखादी पोरगी बसवतो तिथं."

"सर असं काही दाबत नसतील," मी म्हणाले.

"बघून ये म्हणलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं जुन्नरला गेले. सरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. त्यांच्या बोटांकडं बघत बसणं मला जड जात होतं. क्लासमध्ये तेच माझ्या बोटांकडं बघायचे. शुक्रवार होता. दुपारी ते नमाजला गेले तेव्हा बिलं मी टाकली. ते परत आले, पुन्हा बसले. सबंध दिवस लाइन एकदाही गेली नाही.

निघायची वेळ झाली तसे सर अस्वस्थ झाले. चष्मा काढून पुसत म्हणाले, "आज नेमकी जात नाही. तुम्हाला वाटेल, मी खोटं सांगतो."

"नाही सर, मला असं नाही वाटत."

"पण मलाच वाटायला लागलंय. रात्री झोपताना आठवत बसतो, आज मी काय दाबलं, काय नाही. इतकी वर्षं कधी असं झालं नव्हतं."

परतीच्या जीपमध्ये मी दाराजवळ अंग चोरून बसले होते. शेठना उद्या काय सांगायचं, ते सुचत नव्हतं. सरांचं काही चुकत नाही, एवढं सांगून ते ऐकणार नव्हते.

सकाळी ऑफिसात आल्यावर सहज कळंबच्या ऑपरेटरला फोन लावला. त्यानं स्वतःहून कधी फोन केला नव्हता, म्हणून मीही विचारलं नव्हतं.

"तुझी लाइन कधी जाते का रे?"

"जाती की ताई. दुपारची तर हमखास जाती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कशाला सांगू? आमी हातानं बिलं फाडतो आन् शेठ घरी गेल्यावर सांजच्याला सगळी टाकतो. तवा लई भारी चालतं."

दोन्हीकडं जात असेल तर दोष जुन्नरला नव्हता, आमच्याच ऑफिसात होता. आणि शेठ घरी गेल्यावर सगळं चालतं, हे तो सहज बोलून गेला होता. काल मी जुन्नरला होते तेव्हा शेठ नाशिकला लग्नाला गेले होते.

शेठ अकराच्या सुमारास आले. मी त्यांच्या मागोमाग केबिनमध्ये गेले. आत शिरल्याशिरल्या त्यांनी भिंतीवरची बटणं खटाखट दाबली. पंखा, ट्यूब, आणि कोपऱ्यातल्या फाइलींच्या मागे कसले तरी हिरवे दिवे लागले.

"शेठ, ते काय आहे?"

"वायफायचा डब्बा. जावयांनी आणून दिला पुण्यावरनं. वायर न लावता लॅपटॉपवर स्टॉक बघता येतो."

"कधी लावला?"

"झाले की दोन-तीन म्हैने. मी आलो की चालू, जाताना बंद. उगं लाईट कशाला जाळायची?"

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. जुन्नरचा होता. सर म्हणाले, "मॅडम, गेलं."

ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, घराला असतो तसा. बाहेरच्या जगाशी बोलायचं तर सर्व्हरला आमच्या ऑफिसातल्या मोडेमच्या नंबरावर जावं लागे. आणि त्या नव्या डब्याला कारखान्यातूनच नेमका तोच नंबर मिळाला होता. डबा चालू झाला की सर्व्हर कधी मोडेमच्या दारात, कधी डब्याच्या दारात. ऑफिसातल्या आम्हाला बाहेरच्या दाराची गरज नव्हती, म्हणून आमची कामं बिनबोभाट चालली होती. हाल फक्त बाहेरच्यांचे.

मी डब्याची वायर काढली. थोड्या वेळानं सर म्हणाले, "आलं." पुन्हा लावली. "गेलं." मग काढलीच. डब्याचा नंबर बदलायला चहा प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. आनंद वगैरे काही झाला नाही. पाय दुखत होते. जिन्यात जाऊन बसले थोडा वेळ.

शेठना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे सरांचं काय नव्हतं तर."

"नव्हतं. तुम्ही एकदा फोन करून सांगाल का त्यांना?"

"सांगतो की."

त्यांनी सांगितलं नाही. मीच सांगितलं. सर तिकडून म्हणाले, "बरं झालं, सापडलं ते."

नंतर प्रिंटरच्या कामासाठी जुन्नरला जाणं झालं. सर मला जेवायला घरी घेऊन गेले. भाभींनी डाळ-गोश्त केलं होतं. जेवण झाल्यावर सर म्हणाले, "आळेफाट्याला माझ्या मेहुण्याचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. पहिल्या तारखेपासून तिकडं जातोय. शेठना सांगितलंय."

"सर, आता तर लाइन जात नाही."

"नाही जात. पण मी पडद्याकडं बघत बसतो, आता जाईल म्हणून. बोटं पुढं सरकत नाहीत. तिकडं वहीत लिहायचं आहे, बरं वाटतंय मला."

भाभी भांडी उचलता उचलता म्हणाल्या, "झोप तरी लागते आता यांना."

मी थांबा म्हणाले नाही. मला त्यांचं पटलं होतं, आणि कुणाला पटवत बसण्याएवढं त्राणही उरलं नव्हतं.

त्यांच्या जागी राजुरीकडची एक मुलगी आली. आठवडाभर मी तिला शिकवलं. महिन्यानं तिला फोन करून विचारलं, कसं चाललंय. ती म्हणाली, "मॅडम, इथं काहीच प्रॉब्लेम नाही. लोक उगाच घाबरवत होते मला."

बरं म्हणून मी फोन ठेवला. कळंबचा प्रिंटर सकाळपासून कागद ओढत नव्हता. पर्स घेतली आणि स्टँडकडं निघाले.